कॉर्डची सुरुवात सरगमपासून व्हावी

महोदय,

पियानो किंवा कीबोर्ड शिकू पाहणाऱ्या प्रौढांपुढे आपल्याकडे सहसा दोनच वाटा असतात : पाच रेषांचे स्टाफ नोटेशन शिकून परीक्षा देत राहणे, किंवा पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर चिकटवून व्हिडिओतल्या बोटांची नक्कल करणे. नोटेशन येत नसेल तर कॉर्ड (म्हणजे एकाच वेळी वाजवायचे स्वरांचे गट) समजणारच नाहीत, हा समज त्यातून पक्का झाला आहे. तो चुकीचा आहे, हे हार्मोनिअम शिकवणारा म्हणून मी आग्रहाने सांगू इच्छितो.

षड्ज (सा), शुद्ध गंधार (ग) आणि पंचम (प) एकत्र वाजवले की मेजर कॉर्ड होतो. षड्जाच्या पुढे काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या मोजत गेल्यास चौथी गंधाराची आणि तेथून तिसरी पंचमाची येते, आणि षड्ज कोणत्याही पट्टीवर धरला तरी हा हिशेब बदलत नाही. त्यामुळे गाणाऱ्याचा षड्ज काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) असेल, तर तोच कॉर्ड काळी एक, पांढरी चार आणि काळी चार या पट्ट्यांवर मिळतो. गंधार कोमल केला, म्हणजे एक पट्टी खाली घेतला, की मायनर कॉर्ड. सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे या तीन कॉर्डमध्ये सातही शुद्ध स्वर येतात, म्हणून शुद्ध स्वरांच्या साध्या चालीला त्यांतला एखादा बहुधा जुळतोच; कोणता, ते कानाने ठरवायचे. षड्जावरचे बोट न हलवता ग-प वरची बोटे म-ध वर सरकवली की दुसरा कॉर्ड हाताशी येतो. (रागसंगीताला कॉर्डची गरज नाही, हे मला मान्य आहे, मी भावगीते आणि चित्रपटगीतांविषयी बोलत आहे.)

अमेरिकेत नॅशव्हिल येथील स्टुडिओंमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वादक कॉर्डना सप्तकातल्या क्रमाच्या आकड्यांनी ओळखत आले आहेत. गाण्याचा मूळ स्वर बदलला तरी आकडे तेच राहतात. आपल्या चल षड्जाच्या, म्हणजे सा हव्या त्या पट्टीवर धरण्याच्या, पद्धतीत ही सोय आधीपासूनच आहे.

नोटेशनची योग्यता मी नाकारत नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांमध्ये ते शिकलेल्या वादकांनीच हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांना आकार दिला, आणि ज्याला जर्मन संगीतकार बाखच्या रचना वाजवायच्या आहेत त्याने ते शिकलेच पाहिजे. परंतु ज्याला घरी एखाद्या गाण्याला साथ करायची आहे, त्याला त्यासाठी थांबवून ठेवू नये. संगीतवर्गांनी प्रौढांना पहिल्याच धड्यात हे तीन कॉर्ड सरगमच्या भाषेत द्यावेत आणि त्यांच्या ओळखीच्या गाण्यावर ते वाजवून घ्यावेत, अशी माझी विनंती आहे.

– एक हार्मोनिअम शिक्षक, सातारा