पोफळींच्या जागेबद्दल

मुरुड, ता. दापोली

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो आणि आई "जेवलीस का" विचारून विषय बदलते, म्हणून लिहून पाठवते आहे. दादा वाचून दाखवेलच. मध्ये स्वतःची मतं घालू नकोस, असं त्याला आधीच बजावा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आडव्या झालेल्या पोफळी आपण तोडून बाजूला केल्या, पण ती जागा अजून रिकामीच आहे. बाबांना तिथे पुन्हा रोपं लावायची आहेत, ठाऊक आहे मला. पण ती जागा मला पोरांच्या व्हॉलीबॉलच्या कोर्टासाठी हवी आहे. कोर्ट १८ बाय ९ मीटरचं आणि भोवती तीन-तीन मीटर मोकळं, म्हणजे २४ बाय १५. आपल्या हिशेबात साडेतीन गुंठ्यांच्या जरा वर. दोरी टाकून मोजलं, बसतं. विहिरीकडची पट्टी तरीही उरते.

दारात एवढा समुद्र असताना परडं कशाला, हे बाबा विचारणारच. ओहोटीच्या ओल्या वाळूवर खेळायला मजा येते, गुडघ्यांनाही ती बरी. पण भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. सोमवारी पाच वाजता मिळालेलं मैदान शनिवारी पाच वाजता पाण्यात असतं. शाळा सुटल्यावर येणाऱ्या पोरांना रोज नवी वेळ कुठून सांगू? शिवाय दुपारनंतर खारे वारे सुटले की लिफ्टरने, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्याने, उंच दिलेला चेंडू भलतीकडेच जातो आणि स्मॅशर हवेत हात मारून खाली येतो. वाळूत पायही जड पडतात. तिथे शिकलेली पोरं तालुक्याच्या कडक मैदानावर गेली की पहिला सेट पावलं जुळवण्यातच जातो.

बाबा, तुमच्या वेळी सेट १५ चा, आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण. सर्व्हिस नेटमध्ये गेली तर नुसती सर्व्हिस जायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नियम बदलला, सेट २५ चा झाला आणि आता प्रत्येक चेंडूला कुणाला तरी गुण मिळतो. त्यामुळे स्पर्धेत बरेच कोच बाहेरून एकच ओरडत असतात, "नुसती पलीकडे टाक!" तेरा वर्षांची पोर घाबरून हात आखडते आणि पुढे तो मोकळा व्हायला फार वेळ लागतो. सर्व्हिस चुकली म्हणून मी कुणालाही बोलत नाही. त्यापायी आम्ही हरतो, बऱ्याचदा हरतो. "यंदाही पहिल्याच फेरीत?" असं तुम्ही मागे विचारलंत ना, त्याचं उत्तर हे आहे.

खेळत होते तेव्हा मला दोनच गोष्टी दिसायच्या, वर चढलेला चेंडू आणि ब्लॉकमधली फट. कोच झाल्यावर चेंडूकडे बघणंच सुटलं. मी पाय बघते. उडी मारून खाली येताना दोन्ही पाय एकत्र टेकतात का, गुडघे वाकतात का, आत तर वळत नाहीत ना. मुलींचे गुडघे आत वळतात तिथेच पुढची दुखणी सुरू होतात. माझ्या गुडघ्याचं तुम्ही पाहिलंतच. कॉलेजच्या टीममध्ये सिमेंटवर रोज उड्या मारायला लावायचे, दुखतंय म्हटलं की स्प्रे मारायचे. वाटीच्या खालची शीर कायमची दुखरी होऊन बसली. नाव घेत नाही, त्या काळी सगळे तसंच शिकवत. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा कोर्स केला तेव्हा कळलं की उड्याही मोजायच्या असतात. वाढत्या वयात हाड लांब होतं तसा शिरेला ताण पडतो, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ येतं आणि पोराला आळशी ठरवलं जातं. आपल्याकडच्या दोघांना असं झालं. त्यांना महिनाभर उडीच मारू दिली नाही, नुसते अंडरहँड आणि फिंगर पास करून घेतले. एकाचे वडील भांडायला आले होते. चहा पिऊन गेले.

लहानांना मी सहा-सहाच्या दोन टीम करून खेळवतच नाही. तीन विरुद्ध तीन, कोर्ट छोटं, चेंडू हलका. मुलींची नेट २.२४ मीटरवर असते, मी ती हात पोचेल इतकी खाली घेते. सहाजणांत लहान पोर कोपऱ्यात उभी राहते आणि चेंडू लागला तरच खेळते. आमची नेट बंदरावरच्या एका काकांनी विणून दिली. दहा सेंटिमीटरची चौकट सांगितली तर म्हणाले, "एवढी मोठी भोकं? कुठला मासा धरायचाय यात?" पैसे घेतले नाहीत, वर दोऱ्याचा एक गुंडा दिला.

यात तुला मिळतं काय, हा बाबांचा प्रश्न. पैसे नाहीत, ते खोल्यांच्या भाड्यातून येतात. सामन्यांसाठी मी शनिवार-रविवारच्या पर्यटकांना नाही म्हणते, ही आईची तक्रारही खरी आहे. पण सहावीतली एक मुलगी आहे. तिची आई हर्णैला मासे विकते, तिचा आवाज पार मुरुडात ऐकू यावा असा, आणि ही मात्र तोंड उघडायची नाही. दोघींच्या मधला चेंडू जिचा, तिने "माझा!" म्हणून ओरडायचं असतं, नाहीतर दोघी एकमेकींवर आदळतात. गेल्या आठवड्यात तिने असा काही आवाज टाकला की आठवीतली दांडगी पोर मागे सरली. तिला लिफ्टर करते आहे. बाबा, तुम्ही जिमी जॉर्जच्या स्मॅशबद्दल तासन् तास बोलायचात, १९८६ च्या सोल एशियाडचं ब्राँझही नेहमी निघायचं, पण स्वतः लिफ्ट कशी द्यायचात ते कधी सांगितलं नाहीत. आता ते हवं आहे. मी स्मॅशर होते, दुसरा चेंडू कुणाला द्यायचा हे त्या क्षणी कसं ठरतं, ते मला शिकवता येत नाही.

आता जागेचं. विहिरीकडच्या पट्टीत पोफळींची एक रांग बसेल, सावलीला आधी केळी लावू. पश्चिमेचे माड वारा अडवतील, फक्त नारळ वेळेवर पाडून घ्यावे लागतील, पोरांच्या डोक्यावर नकोत. अबोलीला हात लावत नाही. पाऊस ओसरला की जमीन ओली आहे तोवरच रोलर फिरवायला हवा, नंतर ती दगडासारखी होते. म्हणून दसऱ्याच्या आत हो की नाही ते कळवा. नाही म्हणायचं असेल तर बाबांनी स्वतः फोन करावा, दादाकडून निरोप नको.

बाबांच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? वहिनीला नमस्कार.

तुमची,
बाय