सुनेच्या व्हिसाबद्दल, सविस्तर

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

ती. बाबांस व ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मी इथे जर्मनीत मजेत आहे. फोनवर तुम्ही सगळे एकदम बोलता आणि शेवटी बाबा म्हणतात, "हे सगळं लिहून पाठव, तोंडी मला काही कळत नाही." म्हणून हे पत्र. बाबा, वाचून झालं की तुमच्या निळ्या फाइलीत लावा, आणि लावण्याआधी काकांना एकदा वाचून दाखवा, म्हणजे ते रोज एक नवा तोडगा काढतात ते जरा थांबेल.

आधी आईचे प्रश्न. जेवण वेळेवर होतं. सर्दी नाही. मफलर वापरतो. फोन हल्ली उशिरा येतो कारण इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात, त्यामुळे आता साडेतीनच्या जागी साडेचार तासांचा फरक आहे. दुसरं कारण नाही. आवाज बसल्यासारखा येतो तो हेडफोनमुळे.

आता मुद्द्याचं. व्हिसा नाकारलेला नाही. हे एवढं एक वाक्य आत्याला, काकांना आणि समोरच्या काकूंना सांगितलंत तरी पुष्कळ झालं. नाकारणं वेगळं आणि लांबणं वेगळं. तुमच्या सुनेचा अर्ज जिवंत आहे, फी भरलेली आहे (७५ युरो, त्यात एक पैसा वाढलेला नाही), बोटांचे ठसे दिलेले आहेत. जर्मनीने या वर्षीच्या १ जानेवारीपासून लांब मुदतीच्या व्हिसाचे अर्ज ऑनलाइन घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे फॉर्म घरी बसून भरता आला. पण ऑनलाइन म्हणजे झटपट असा जो आपला समज असतो तो इथे चालत नाही. गुजरात मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे येतं. कागद तिथे जातात, तिथून ते माझ्या गावच्या परदेशी लोकांच्या कार्यालयात येतात, आणि त्या कार्यालयाने "हो, याची बायको इथे आली तर आमची हरकत नाही" असं कळवलं की मग मुंबईचे लोक शिक्का मारतात. म्हणजे सौ. वडोदऱ्यात, फाइल मुंबईत, आणि होकार अडलाय माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी रोज त्या इमारतीवरून बसने जातो. बाबा, तुम्ही म्हणाल, मग आत जाऊन भेट की. वेळ घेतल्याशिवाय कोणी भेटत नाही, आणि वेळ ईमेलवर मागायची असते. ईमेलला उत्तर येतं की आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.

त्यांनी काय काय बघितलं तेही लिहितो, कारण काकांना वाटतंय की माझंच काहीतरी कमी पडलं. पगाराच्या पावत्या बघितल्या, ठीक. आरोग्य विमा, ठीक. घराचीही अडचण नाही. माझं घर अठ्ठावन्न चौरस मीटरचं आहे. तिथे आपलं आख्खं दांडिया बाजार नाही मावणार, पण दोन माणसं ऐसपैस मावतात. माझ्याकडे ब्ल्यू कार्ड (शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना) असल्यामुळे तिला जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही. ती रात्री जेवणं उरकल्यावर शिकत बसते ते तिच्या हौसेने, माझ्या दडपणाने नव्हे, हे आईने कृपया लक्षात घ्यावं.

अडलंय ते विवाह नोंदणीच्या दाखल्यावर. तिच्या जन्मदाखल्यात तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, नावाला कोणा कारकुनाने "भाई" जोडून ठेवलंय. पासपोर्टमध्ये ते नाही, आणि आपल्या लग्नाच्या दाखल्यात "राव" आहे. आपल्याकडे या तिघांना एकच माणूस समजायला कोणाला पाव मिनिटही लागणार नाही. इथल्या कार्यालयातल्या बाईंपुढे तीन कागद आणि तीन वडील आले. प्रतिज्ञापत्र दिलं, ते त्यांनी घेतलंही, पण मग म्हणाल्या की दाखलेच तिकडे मुळातून तपासून घेऊ. हे मुंबईहून नेमलेल्या वकिलामार्फत होतं. तो नोंदणीच्या दफ्तरात जाऊन मूळ रजिस्टर बघतो आणि अहवाल देतो, आणि त्याला महिने लागतात.

बाबा, तुम्हाला याचा राग आला हे मला फोनवर कळलं. साडेचारशे पानं वाढली, सगळा रावपुरा जेवून गेला, आणि हे विचारतात लग्न झालं का! पण शंका आपल्यावर नाही. भारतातल्या कागदांबद्दल त्यांचा हा नेहमीचाच नियम आहे. तुम्ही अपोस्टिल (कागद परदेशात खरा धरावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) करून आणू का असं विचारलं होतंत. नका धावपळ करू. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ साली आला, पण जर्मनीने त्याला हरकत घेतलेली आहे, त्यामुळे आपला तो शिक्का इथे धरत नाहीत. कोणी घरी चौकशीला आलंच तर लग्नाचा अल्बम दाखवा, चहा द्या, आणि तुमचं मत मात्र सांगू नका.

काकांच्या तीन तोडग्यांना तीन उत्तरं. अलकापुरीतला जो एजंट पैसे घेऊन तारीख काढून देतो म्हणतो, त्याला दारात उभं करू नका. तारखेला पैसे पडतच नाहीत, तर तो विकतो काय? तोवर फिरायच्या व्हिसावर पाठवा, हे दुसरं. त्यावर नव्वद दिवस राहता येतं आणि मग परत जावंच लागतं. इथे आल्यावर तो बदलून मिळत नाही, शिवाय एक अर्ज चालू असताना दुसरा घुसवला की दोन्हीकडे प्रश्न उभे राहतात. तिसरं, कोर्टात जा. तीन महिने उलटले आणि उशिराला सबळ कारण नसेल तर बर्लिनच्या कोर्टात जाता येतं, खरं आहे. मी ज्या वकीलबाईंना विचारलं त्या म्हणाल्या की कागदांची तपासणी चालू आहे तोवर थांबा, नाहीतर फी भराल आणि उत्तर तेच मिळेल. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. पूर्वी नकार आला तर फेरविचाराचा साधा अर्ज करता यायचा, तो या १ जुलैपासून बंद झाला. आता नकार म्हणजे कोर्ट किंवा पहिल्यापासून अर्ज. म्हणून मी घाई करत नाहीये. मी हातपाय हलवत नाही असं जे काकांना वाटतं, त्याचं उत्तर हे आहे.

ओळख काढण्याबद्दल: इथे ओळखीचा उपयोग नाही. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. एवढी मोठी ओळख असून आपल्या फाइलीला काडीचा फायदा झाला नाही, तर आत्याच्या मिस्टरांच्या ओळखीने काय होणार.

आई, तू विचारलंस की शनिवारी सकाळी मी फोन का उचलत नाही. ते सविस्तर सांगतो, कारण त्यावरून घरात काहीतरी भलतंच चाललंय असं दिसतं. या भागात, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपास, केरवोखं नावाचा प्रकार आहे. इमारतीत नोकर नसतो, बाई नसते. ज्याचा आठवडा असेल त्याने जिना झाडायचा आणि पुसायचा. ज्याची पाळी आली त्याच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी दोरीने अडकवतात. शनिवारी काम उरकलं की ती पाटी आपण पुढच्याच्या मुठीला अडकवायची, एक शब्दही न बोलता. यात पुन्हा लहान पाळी आणि मोठी पाळी. लहान पाळीत आपल्या मजल्यापुरता जिना. मोठ्या पाळीत तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा, आणि रस्त्याकडेचा फूटपाथ. थंडीत ज्याची मोठी पाळी त्याने सकाळी सातच्या आत फूटपाथवरचा बर्फ ओढून काढायचा, कारण कोणी घसरून पडलं तर भुर्दंड त्याच्यावर. जिना स्वच्छ असला तरी झाडायचा. मी एकदा म्हटलं, यात काही घाणच नाही. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, घाणीचा काय संबंध, शनिवार आहे. पंच्याऐंशीच्या आहेत. मी पुसून वर गेलो की त्या बाहेर येतात, काठीच्या टोकाने माझं पायपुसणं उचलतात, खाली बघतात, आणि ठेवून देतात. सांगतात की हे १४९२ पासून चालू आहे, तेव्हा शहराच्या नियमांतच लिहिलं होतं की ज्याने त्याने आपल्या दारचा उकिरडा उपसावा. तर शनिवारी माझ्या हातात बादली असते, म्हणून फोन उचलत नाही. इंजिनियर करून मुलगा जिने झाडतो असं मनाला लावून घेऊ नकोस. तिसऱ्या मजल्यावर बँकेचा मॅनेजर राहतो, तोही गुडघे टेकून कोपरे पुसतो, आणि माझ्यापेक्षा चांगले पुसतो. आणि सासूबाईंना सांग, तुमची मुलगी आल्यावर पाळी दोघांत वाटून घेऊ, बर्फ माझ्याकडे.

आजी दर वेळी विचारतात, तुझी बायको कधी येणार. मीही दर वेळी "आता लवकरच" म्हणतो. त्या म्हणाल्या, मग दाराच्या घंटीवर नाव तरी लावून ठेव, इथे नाव नसलं की टपालवाला पत्र टाकत नाही. लावलंय.

तिच्याबद्दल एवढंच, की रोज सकाळी तिला "काही आलं का?" असं विचारू नका. आलं की ती लपवून ठेवणार नाही. नवरात्रात गरब्याला गेली होती त्याचा व्हिडिओ धाकटीने पाठवला. छान हसत होती, बघून बरं वाटलं. शाळेची नोकरी मात्र इतक्यात सोडू देऊ नका, शिक्का बसल्यावर नोटीस द्यायला वेळ मिळतो. इथे आल्यावर तिला नोकरी करायची मुभा असते, त्याची काळजी नको. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात तीच बसून होती, औषधांचं वेळापत्रक फ्रिजवर तिनेच चिकटवलं, गच्चीच्या गळतीला गवंडीही तिनेच शोधला. मी फक्त फोनवर "सगळं ठीक ना?" विचारतो. ती निघाल्यावर या गोष्टी कोण बघणार, हे मी या पत्रात लिहायचं ठरवलं होतं, पण ते पुढच्या पत्रात लिहितो.

आता पैशांचं. गवंड्याचे आणि डांबरीकरणाचे पैसे बुधवारपर्यंत खात्यात येतील. या महिन्यात थोडे कमी आहेत, त्याचं कारण खर्चिकपणा नाही. इथे नवरा-बायको दोघं देशात राहत असतील तरच लग्नाची करसवलत मिळते. बायको तिकडे, म्हणून पगाराच्या पावतीवर मी अजून ब्रह्मचाऱ्यांच्या वर्गात आहे. आणि घर दोघांच्या मापाचं घेऊन ठेवलंय. हीटिंग धरून साडेअकराशे युरो जातात. ती आली की दोन्ही बाजूंनी सुटका होईल. तोवर तुम्ही बाबांच्या एफडीला हात लावू नका, मी सांगतोय ना.

धाकटीच्या स्थळाचं वाचलं. नाशिकची मंडळी बरी वाटतात, मुलगाही सरळ बोलतो (मी त्याला परस्पर फोन केला होता, रागावू नका). त्यांना माघात करायचं असेल तर माघातच करा. आमच्या व्हिसासाठी तिचं लग्न लांबवू नका, याचा अंत कोणालाच माहीत नाही. मला रजा मिळते, मी येईन. तेव्हा शिक्का बसलेला असेल तर परत येताना दोघं बरोबर येऊ. नसेल तर सूनबाई लग्नघरात तुमच्या हाताशी असेल, म्हणजे तुमची सोयच झाली. मुलाकडचे विचारतील की वहिनी अजून इथेच कशा, तर सरळ सांगा कागद तपासणीत आहेत. दागिन्यांपैकी माझ्या वाटचं जे ठरलं होतं ते तसंच आहे, फक्त सोनं दोन हप्त्यांत घेऊ, सध्या भाव बघवत नाही.

आईने पाठवलेला चिवडा संपला, पण परत पाठवू नका, पार्सलला चिवड्याच्या तिप्पट लागतात. सर्वांस नमस्कार, धाकटीस आशीर्वाद.

तुमचा,
बंडू

ता. क. सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तर त्याचा स्कॅन दोन्ही बाजूंनी काढून पाठवा. त्यात "भाई" नसेल अशी आशा आहे. असेल तरीही पाठवा.