पंख गळालेली मुंगी दिसली तर मारू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस पडून गेला, हवा दमट झाली, वारा पडला की दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात आणि लोक 'वाळवी आली' म्हणून स्प्रे मारत सुटतात. त्यातले कितीतरी वाळवी नसतातच, त्या मुंग्या असतात. वाळवीचे चारही पंख सारखे, मिशा सरळ आणि कंबर जाड, मुंगीचे पुढचे पंख मोठे, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि कंबर बारीक, एवढं बघितलं तरी कळतं.

मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं म्हणतात ना, ते नराच्या बाबतीत खरंय, मिलनानंतर तो लवकरच मरतो. राणीचं आयुष्य मात्र तिथून सुरू होतं. मी फरशीवर बघितलंय, तिने पाय पंखावर टाकून दाबला, पंख मुळातून तुटून पडला, मग दुसऱ्या बाजूचा, आणि लगेच भिंतीच्या कडेने जागा शोधत पळाली. उडायचे ते स्नायू आता अंगातच विरघळणार आणि त्यावर ती पहिली पिल्लं वाढवणार, बऱ्याच जातींत तोवर काहीच न खाता! काळ्या बागमुंगीची एक पाळलेली राणी तर २८ वर्षांहून जास्त जगलीय.

आता राण्या गोळा करून पाळणाऱ्यांना कळकळीची विनंती. पंख असलेली उचलू नका, बहुतेक वेळा तिचं मिलन व्हायचं असतं. पंख गळालेली, पाठ फुगीर, पंखांच्या जागी खुणा असलेली एकच घ्या, बास. टेस्ट ट्यूबमध्ये पाणी, मग कापूस, मग राणी, आणि अंधारात ठेवून द्या. मी पहिल्या वेळी रोज टॉर्च मारून बघायचो, तिने सगळी अंडी खाऊन टाकली, अजून वाईट वाटतं.

आणि नुसत्या रंगावरून जात ठरवू नका. बाजूने, वरून आणि चेहऱ्याचा असे फोटो काढा, लांबी मिलिमीटरमध्ये मोजा, कंबरेला गाठ एक की दोन ते बघा. काही जातींच्या राण्यांना पहिली पिल्लं मोठी होईपर्यंतसुद्धा खाणं लागतं, जात चुकली तर ती ट्यूबमध्ये उपाशी मरते.

पावसाळ्याआधी आपल्या पेपरात वाळवी आणि मुंगी यांचे फोटो शेजारी शेजारी छापाल का?

आपला,
एक वाचक