कुलवृत्तांताची माहिती : रविवारपर्यंत द्या

सर्व पटवर्धन मंडळींना नमस्कार.

वंशवेल जुळवायला येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नौपाड्यात बसतोय, नेहमीच्याच जागी. सतरा घरांचे फॉर्म अजून आलेले नाहीत. नावं घेत नाही, ज्यांचे त्यांना माहीत आहे!

फॉर्ममध्ये 'मूळ गाव' पुढे बऱ्याच जणांनी सांगली किंवा मिरज लिहिलंय. ते दुसरं बिऱ्हाड. संस्थानिक पटवर्धनांचे मूळपुरुष हरभट पटवर्धन रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. तिथून ते इचलकरंजीकर घोरपड्यांकडे आले. पुढे त्यांचे मुलगे-नातू पेशवाईत सरदार झाले आणि आडनाव कृष्णाकाठी पसरलं : मिरज, कुरुंदवाड, तासगाव, जमखंडी. जमखंडी आज कर्नाटकात, म्हणून तिकडच्या काकूंचं मराठी कानडी हेल काढून येतं. सांगली तर १८०१ मध्ये चिंतामणराव मिरजेतून वेगळे झाले तेव्हाची. अर्थात प्रत्येक पटवर्धन संस्थानिकांच्या घरातला नाही, उगाच तोरा नको. कोकणातच राहिलेल्यांच्या शाखाही हव्यातच.

तेव्हा मूळ गाव, नंतरचं गाव आणि ठाण्यात कधी आलात ते साल, असं तिन्ही लिहा. आजोबा कुठल्या चाळीत उतरले तेही चालेल.

जुन्या पत्रिका, मोडी कागद आणा, पण लॅमिनेट करून नकोत. मागच्या वेळी एका खरेदीखताची शाई प्लास्टिकला चिकटून आली. ट्रंकेत आहे तसंच, वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. स्कॅनर आम्ही आणतोय.

माहेरवाशिणींची नावं गाळू नका. चहा आहे, पार्किंग नाही.