पाण्याखालची हिरवळ : पाकिटातली आणि खरी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत साताऱ्यातील अनेक घरांमध्ये माशांच्या काचेच्या टाकीत रंगीत खडे आणि प्लास्टिकची झाडे यांच्याऐवजी जिवंत वनस्पती लावण्याची आवड वाढताना मी पाहतो आहे आणि या आवडीचे मला मनापासून कौतुक वाटते. टाकीच्या तळावर पसरलेली दोन-तीन बोटे उंचीची हिरवळ आणि तिच्यावरून फिरणारा छोट्या माशांचा थवा ज्याने एकदा पाहिला, त्याला आपल्या घरीही तसेच असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या हिरवळीच्या नावाखाली जे विकले जाते, त्यातील बराच भाग पाण्याखाली जगणारा नसतोच. परिणामी मोठ्या हौसेने सुरुवात केलेली मुले दोन महिन्यांत कुजके पाणी ओतून देतात आणि टाकी माळ्यावर जाते. आयुष्याची उमेदीची वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला हे पाहवत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

सर्वाधिक फसवणूक होते ती बियांच्या पाकिटांनी. ‘आठवड्यात गालिचा’ अशा आश्वासनासह ही पाकिटे ऑनलाइन मागवली जातात. ओल्या वाळूवर बी पसरले की ते खरोखरच चार-पाच दिवसांत उगवते, तळ हिरवागार दिसू लागतो आणि मुलांच्या आनंदाला सीमा राहत नाही. पुढे टाकीत पाणी भरले की आधी पाने पिवळी पडतात, मग मुळे सुटतात आणि शेवटी सगळा थर कुजून पाण्यात अमोनिया वाढतो, जो माशांच्या जिवावर उठतो. यात मुलांची काहीही चूक नसते. ते बी बहुधा ओलसर जमिनीवर वाढणाऱ्या एखाद्या वनस्पतीचे असते आणि पाकिटावर तिचे शास्त्रीय नाव शोधूनही सापडत नाही. टाकीसाठीची खरी हिरवळ बियांपासून नव्हे, तर आडव्या खोडाच्या फुटव्यांपासून वाढवली जाते, एवढी एक गोष्ट माहीत असली तरी हे पैसे वाचतात.

दुसरा प्रकार माझ्या स्वतःच्या बाबतीत घडला. एका दुकानातून मी ‘पाण्यातले गवत’ म्हणून गर्द हिरव्या, ताठ पात्यांची दहा रोपे आणली. चार महिने ती जशीच्या तशी उभी होती, त्यामुळे मला संशय आला नाही. पाचव्या महिन्यात एकेक पाते बुंध्याशी मऊ होऊन गळू लागले. नंतर लक्षात आले की ते माँडो गवत, म्हणजे ओफिओपोगॉन, होते. ही शतावरीच्या कुळातील, बागेत वाफ्यांच्या कडेला लावायची वनस्पती आहे. पाण्यात बुडवल्यावर ती वाढत नाही, फक्त हळूहळू मरते. ‘लकी बांबू’ या नावाने मिळणाऱ्या ड्रासिनाचीही तीच गत. त्याची मुळे पाण्यात चालतात, पण पाने पाण्याबाहेर हवीत.

मग खरी हिरवळ कोणती? बाजारात ‘हेअरग्रास’ या नावाने ओळखली जाणारी वनस्पती म्हणजे एलिओकॅरिस. तिच्या एलिओकॅरिस अ‍ॅसिक्युलॅरिस आणि एलिओकॅरिस पार्व्हुला या दोन जाती टाक्यांमध्ये लावल्या जातात. नावात गवत असले तरी ते गवत नव्हे. आपल्या ओढ्याकाठचे लव्हाळे आणि शेतात त्रास देणारा नागरमोथा ज्या कुळातले, त्याच कुळातली ही वनस्पती. तिचे जे केसासारखे बारीक पाते आपल्याला दिसते, ते मुळात पानच नसते. ते हिरवे खोड असते आणि पाने बुंध्याशी पातळ आवरणापुरती उरलेली असतात. वाळूखाली तिचे आडवे खोड धावते आणि थोड्या थोड्या अंतरावर नवा झुपका वर काढते. तळ्याच्या काठी, जिथे पाणी कधी चढते आणि कधी ओसरते, अशा जागी ती निसर्गतः वाढते, म्हणून तिला ओल्या चिखलातही जगता येते आणि पाण्याखालीही. तिचा हा दुहेरी स्वभावच सामान्य घरातल्या माणसाच्या उपयोगी पडतो.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, जपानमधील छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी लोकप्रिय केलेल्या, जिवंत वनस्पतींनी निसर्गदृश्य उभे करणाऱ्या धाटणीच्या टाक्यांची चित्रे पाहून पुष्कळ जण समजतात की कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणि प्रखर दिवे घेतल्याशिवाय हिरवळ होतच नाही. ग्लॉसोस्टिग्मा किंवा क्युबातून आलेली अतिशय बारीक पानांची हेमिअँथस अशा हिरवळीच्या इतर वनस्पतींच्या बाबतीत ते बव्हंशी खरे आहे. एलिओकॅरिसच्या बाबतीत मात्र घाई नसेल तर मार्ग निघतो. पाण्याखालच्या वनस्पतीची खरी अडचण प्रकाशापेक्षा वायूची असते, कारण कार्बन डायऑक्साइड पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. पात्याभोवतीच्या पाण्यातला वायू संपला की नवा पोहोचेपर्यंत ते पाते उपाशीच राहते. यावरचा उपाय असा की, मुळे धरेपर्यंत टाकीत पाणी भरायचेच नाही. हवेतला वायू रोपाला फुकट आणि भरपूर मिळतो.

या पद्धतीला आपल्याकडे आषाढ-श्रावणाइतका चांगला काळ नाही, कारण हवेतच ओल असते. जावळी-पाटणकडच्या ज्या मुलांनी घरी भातलावणी केली आहे, त्यांना तर यात शिकवण्यासारखे काही उरत नाही. आणलेल्या रोपाची जाळीदार कुंडी आणि त्यातली मुळांभोवतीची लोकर किंवा टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या, डबीतील जेली स्वच्छ धुऊन काढावी, झुपका सोडवून चार-पाच पात्यांचा एक असे चूड करावेत आणि लांब चिमट्याने ते एकेक इंचावर तिरपे खोचावेत. दोन फूट लांब टाकीचा पुढचा अर्धा भाग लावायला साधारण शंभर चूड लागतात. संपूर्ण झुपका एकाच जागी पुरण्याची चूक बहुतेक जण करतात; तसे केले की मधली पाती कुजतात आणि पसरणेही थांबते. पाण्याची पातळी वाळूच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवावी, टाकीवर पातळ प्लास्टिक ताणून लावावे, रोज काही मिनिटे ते उघडून हवा द्यावी आणि फवाऱ्याने ओल टिकवावी. पाणी साचू दिले तर बुरशी धरते. साध्या पांढऱ्या एलईडी पट्टीचा दहा तास प्रकाश पुरतो. खिडकीतले थेट ऊन नको, कारण प्लास्टिकखाली उष्णता कोंडते. सहा ते आठ आठवड्यांत आडवी खोडे एकमेकांत गुंततात. या काळात टाकीत मासा नसतो, आणि मुलांना एवढे थांबायला लावणे हेच यातले सर्वांत अवघड काम आहे, असे माझे मत झाले आहे.

तळाविषयी थोडे अधिक लिहायला हवे. वाळूचे कण एक ते दोन मिलिमीटर जाडीचे असावेत. भरड खडीत ही बारीक मुळे धरत नाहीत आणि दगडाच्या भुकटीसारख्या वाळूत ती गुदमरतात. आपल्या भागातील वाळूत चुन्याचे कण सापडतात, म्हणून मूठभर वाळूवर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर ती वाळू वापरू नये, कारण तो चुना पाणी जड करत राहतो आणि वनस्पतीला आवश्यक असलेला मुक्त कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यात कमी उरतो. याच कारणाने, ज्या भागात कासच्या तलावाचे पाणी येते, तिथल्या लोकांनी विंधन विहिरीचे पाणी टाकीत भरू नये. जांभ्याच्या पठारावरचे पाणी त्या मानाने पुष्कळ हलके असते. शेतातली काळी माती मी एकदा वापरून पाहिली. ती फुगली आणि महिनाभर पाणी गढूळ राहिले. त्यापेक्षा जांभ्याची तांबडी भुकटी वाळूच्या खालच्या थरात मिसळावी. जांभ्यात लोह भरपूर असते आणि त्यातली माती पोषक द्रव्ये धरून ठेवते. युरोपातील मत्स्यपालक काही दशकांपूर्वी हाच जांभा ‘लॅटराइट’ म्हणून विकत घेऊन टाक्यांत घालत असत. तो मिळवण्यासाठी पठारावर खोदायला जाऊ नये. बांधकामावर पडलेल्या चिऱ्याच्या एका तुकड्याची भुकटी छोट्या टाकीला पुरते.

पाणी भरताना तळावर ताटली ठेवून तिच्यावर सावकाश धार धरावी. त्यानंतर पहिल्या पंधरवड्यात काही पाती तपकिरी होतील. घाबरून उपटू नये. हवेत वाढलेली पाती जाऊन पाण्याखालची, अधिक नाजूक पाती येण्याचा हा काळ असतो. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड अर्धे पाणी बदलावे, पुढे आठवड्याला पाव टाकी. दिवा आता सहा-सात तासांवर आणावा, नाही तर केसाळ शेवाळ पात्यांमध्ये असे गुंतते की ते वेगळे काढताच येत नाही. वायू कमी पडतो असे दिसले तर साखर आणि यीस्टच्या बाटलीतून नळी सोडण्याची पद्धत आहे व ती चालते. मात्र त्या बाटलीचे तोंड कधीही घट्ट बंद करून वायू कोंडू नये, आणि सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसले तर नळी ताबडतोब काढावी. मासे महिनाभराने आणि छोटेच सोडावेत. गोल्डफिश ही हिरवळ उकरून टाकतो. पाती लांबली की कात्रीने एक इंचावर छाटावीत, म्हणजे तळाशी उजेड पोहोचतो आणि फुटवे वाढतात.

आता ज्या गोष्टीमुळे मला खरी काळजी वाटते, ती सांगतो. नैसर्गिक टाकीची हौस वाढली की, विकत कशाला घ्यायचे, पठारावर तर सगळे आहे, असा विचार काहींच्या मनात येतो. कासच्या डबक्यांमध्ये आणि ओलसर कातळावर उगवणाऱ्या गेंद नावाच्या छोट्या वनस्पती टाकीसाठीच घडवल्यासारख्या दिसतात. तिथला वायतुरा, म्हणजे अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस, तर आपल्या जिल्ह्याचे नाव धारण करतो आणि सह्याद्रीच्या या पट्ट्याबाहेर कुठेही आढळत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचा जागतिक वारशात समावेश झाला, तो अशा वनस्पतींमुळेच. पातळ मातीच्या थरात, काही महिन्यांच्या पाण्यावर जगण्याची त्यांची रीत आहे. बाराही महिने भरलेल्या टाकीत त्यांचा निभाव लागेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. तिथले एकही रोप कोणी टाकीसाठी उपटू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उलट दिशेनेही तेवढीच काळजी हवी. छाटलेली पाती व नको झालेली रोपे वेण्णेत किंवा कृष्णेत सोडू नयेत, तर वाळवून कुंडीतल्या मातीत मिसळावीत. नद्यांचे पात्र झाकणारी जलपर्णीही एके काळी शोभेची वनस्पती म्हणूनच दक्षिण अमेरिकेतून बाहेर पडली होती.

विक्रेत्यांकडे माझे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक रोपाच्या कुंडीवर त्याचे शास्त्रीय नाव आणि ते पूर्ण पाण्याखाली जगते की नाही, एवढ्या दोन ओळी मराठीत लिहिलेल्या असाव्यात. ग्राहकांनीही ते विचारल्याशिवाय रोप घेऊ नये. शाळांना तर ही हिरवळ विकत घेण्याचीही गरज पडणार नाही, कारण एका डबीपासून सुरू केलेल्या माझ्या टाकीतून दर दोन महिन्यांनी मूठभर फुटवे निघतात. ते मी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून जुन्या विद्यार्थ्यांना देतो आणि सोबत, पाणी केव्हापर्यंत भरायचे नाही, याची चिठ्ठी जोडतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा