शिरोरेषेवरच्या उभ्या रेघा गेल्या, काका!

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

पत्रिका काल छापून आली. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरांना किनार देताना माझ्यासारखे अडलेले बरेच जण असणार.

आमच्या वाचनालयाच्या पत्रिकेवर ‘वर्धापनदिन’ हा शब्द बालू फॉन्टमध्ये हवा होता, तांबडी अक्षरं आणि त्यांना पिवळी किनार. स्ट्रोक, म्हणजे अक्षराच्या कडेची रेघ, दिला की दोन अक्षरं जुळतात तिथे शिरोरेषेवर उभी रेघ उमटायची, कारण प्रत्येक अक्षराला स्वतःची वेगळी कड असते. मी टेक्स्टचा पाथ करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून, ते युनियनने एकमेकांत जोडत बसले होते. रात्री दहाला तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही जेवायला बसला होतात, तरी म्हणालात, “फिल्टरला अक्षरं कळत नाहीत गं, त्याला नुसती शाई दिसते.” माझं सगळं कोडं त्या वाक्यात सुटलं. पडद्यावर उमटलेला अख्खा शब्द एकच डाग समजून फिल्टर, म्हणजे चित्रावर परिणाम चढवणारी सोय, त्याभोवती कड काढतो, मग सांधे दिसतीलच कुठून!

फिल्टर एडिटरमध्ये आधी मॉर्फॉलॉजीचं डायलेट, म्हणजे आकार फुगवणारा पर्याय, लावलं. शब्द फुगला, पण गोलाईला चौकोनी कोपरे आले, ‘व’चं पोट अगदी बोचरं दिसायला लागलं. डायलेट चौकोनात पसरतं, हे तुम्हीच सांगितलंत. मग त्याच्या जागी सोर्स अल्फावर, म्हणजे रंग सोडून अक्षरांच्या नुसत्या आकारावर, गॉशियन ब्लर देऊन तो धूसर केला आणि त्यापुढे कलर मॅट्रिक्स, म्हणजे रंग-पारदर्शकता बदलणारा आकड्यांचा तक्ता; त्याच्या शेवटच्या, पारदर्शकतेच्या ओळीत चौथा आकडा 20, पाचवा -1. धुरकट कड एकदम ठाशीव झाली आणि गोलाई गोलच राहिली. फ्लडचा, म्हणजे सपाट भरायचा, पिवळा रंग कॉम्पोझिटच्या ‘इन’ने त्या आकारापुरताच ठेवला, आणि थर एकत्र करणाऱ्या मर्जमध्ये मूळ अक्षरं वर ठेवली. किनार जाड हवी तर फक्त ब्लर वाढवायचा.

पण खरी किंमत कळली ती दुसऱ्या दिवशी. मी घाईत ‘वर्धापनदीन’ टाइप केलं होतं! ‘दीन’ म्हणजे गरीब; वाचनालयाच्या पत्रिकेवर असली चूक छापून गेली असती तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. टेक्स्ट अजून टेक्स्टच असल्यामुळे वेलांटी बदलली आणि किनार आपोआप नव्या अक्षरामागे गेली. पाथ केले असते तर सगळं पहिल्यापासून.

छपाईला देताना पीडीएफच्या खिडकीत रिझोल्यूशन (दर इंचाला किती ठिपके) 300 करायची आठवणही तुम्हीच दिलीत. फिल्टर लावलेला भाग पीडीएफमध्ये चित्र होऊन जातो, आणि तिथे आधीपासून 96 असतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

काका, तुमचं ताट त्या रात्री गार झालं असणार. मनापासून आभार. रविवारी पत्रिका घेऊन घरी येते. येताना जुन्या दोन फाइलीही आणते, त्यातल्या रेघा अजून तशाच आहेत.

तुमची विद्यार्थिनी