शेवळं, काकडं आणि एक हरकतपत्र

मावशी,

तुम्हाला वाचून दाखवायला नातू लागतो, हे माहीत आहे. म्हणूनच चारचौघांत लिहितेय, कुणी ना कुणी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

2019 चा जून आठवतो? गोरेगाव स्टेशनबाहेर तुम्ही शेवळं, ती पहिल्या पावसातली रानभाजी, घेऊन बसला होता. मी जुडी उचलली, पैसे दिले आणि निघाले. तुम्ही हाक मारून थांबवलंत, "बाय, काकडं नाय घेतलीस तर घसा खाजंल." आणि मूठभर हिरवी आंबट फळं पिशवीत टाकलीत, फुकट. माझी लेक तेव्हा चौथीत होती. "ही कुठे मिळतात?" तिनं विचारलं. "आमच्या पाड्यावर. ये रविवारी, झाड दाखवते."

आम्ही खरंच आलो. आरेच्या जंगलात मेट्रोची कारशेड, म्हणजे गाड्या उभ्या करायची जागा, होणार होती. ती नको म्हणून तेव्हा दर रविवारी तिथे माणसं जमत होती, हातात हात घालून साखळी करत होती. लेकीला त्या घोषणांपेक्षा तुमच्या मागे फिरण्यात गोडी. हा उंबर, ही शेवर, काट्यांना हात नको लावू. त्याआधी आरे म्हणजे तिच्यासाठी दुधाची पिशवी होती. माझ्यासाठीही फार वेगळं नव्हतं, खोटं कशाला बोलू!

जुलैत पालिकेनं झाडतोडीवर हरकती मागवल्या. हजारो लोकांनी पाठवल्या, बहुतेकांचा मजकूर एकच, तयार. मीही तोच पाठवला. लेकीनं मात्र वहीचं पान फाडून लिहिलं, "काकडाचं झाड तोडू नका. ते गेलं तर मावशींची शेवळं सगळ्यांच्या घशात खाजतील." तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात. ते झाड कारशेडच्या जागेत नव्हतंच, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. पण तिला सांगितलं नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणालात, "लिहू दे. आज तिकडं, उद्या इकडं येतील." आरेतल्याच प्रजापूरपाड्यातली घरं मेट्रोसाठी उठलेली तुम्ही पाहिली होती.

ऑगस्टअखेरीला 2,646 झाडं तोडायचा-हलवायचा निर्णय झाला. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. आम्ही निघालो तोवर रस्ते बंद, जमावबंदी. 29 जणांना अटक झाली. लेक रात्रभर विचारत होती, "काकड गेलं का?" पहाटे तुमचा फोन आला. आवाज बसलेला. तुम्ही आधी तिलाच मागितलंत. "तुझं झाड हाय गं. झोप आता."

मावशी, त्या रात्री तुमच्या दाराबाहेर काय चाललं होतं, ते आम्हाला नंतर कळलं. आणि तुम्ही एका पोरीच्या झोपेची काळजी करत होतात. आभार त्या फोनचे आहेत. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तीही कायद्याच्या एका विद्यार्थ्यानं पाठवलेल्या पत्रावरून. तोवर 2,141 झाडं पडलेली होती. पुढे 812 एकर जंगल म्हणून राखीव झालं, कारशेड कांजूरला गेली, 2022 मध्ये परत आली. जिंकलो म्हणावं तर तोंड उघडत नाही. तोड थांबल्याला पाच वर्षं झाली तेव्हा, 2024 मध्ये, बरोबर 7 ऑक्टोबरलाच, मेट्रो लोकांसाठी सुरू झाली. आम्हीही तिनं जातो. गर्दीला पर्याय नाही. लेक आरे स्टेशनला उतरताना गप्प असते, एवढंच.

ते वहीचं पान आम्ही पाठवलं खरं, पण तिनं आधी त्याची नक्कल करून ठेवली होती. परवा कपाट आवरताना सापडली. "शेवळं" चुकीचं लिहिलंय, "शेवाळं" झालंय. तुमच्या नातवाला दाखवा, तो हसेल.

यंदा पहिला पाऊस पडला की दोन जुड्या आमच्यासाठी ठेवा. आणि काकडांचे पैसे या वेळी घ्यायचे.

तुमची,
स्टेशनवरची बाय